आकृती, रंगविरोध आणि नक्षी : बालकलाशिक्षणाच्या तीन आधारांचा आढावा

तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना चित्रकला शिकवावी, की ती त्यांच्या हातून आपोआप उमलू द्यावी, हा बालशिक्षणातला जुना वाद आहे. एका पक्षाच्या मते रेषा, आकार आणि रंग यांची शिस्त लहानपणीच हाताला लागली पाहिजे. दुसऱ्या पक्षाच्या मते मोठ्यांच्या शिकवण्यानेच मुलाच्या चित्रातला जिवंतपणा नाहीसा होतो. तत्त्वांच्या पातळीवर हा वाद मिटत नाही, कारण त्याची कसोटी वर्गात प्रत्यक्ष काय आणि कसे शिकवले जाते यावर लागते, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे शिकवणे मुख्यतः तीन गोष्टींभोवती फिरत आले आहे. पहिली आकृती, म्हणजे माणूस, प्राणी, झाड, घर अशी ओळखू येणारी गोष्ट कागदावर उभी करणे; दुसरी रंगविरोध, म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन रंगांमधला भेद नजरेला भिडेल अशी त्यांची मांडणी; आणि तिसरी नक्षी, म्हणजे एखादा घटक ठरावीक नियमाने पुन्हा पुन्हा योजून घडवलेली रचना. या तिन्ही गोष्टींसंबंधी शिक्षकांनी, मानसशास्त्रज्ञांनी आणि चित्रकारांनी जमवलेले ज्ञान एकत्र पाहिले, तर त्यातून एक निष्कर्ष ठामपणे पुढे येतो : या तिन्हींची बीजे मुलाच्या स्वतःच्या रेखाटनात शिक्षक येण्यापूर्वीच असतात, आणि म्हणून शिक्षकाने साहित्य, मर्यादा आणि पाहण्याची संधी पुरवावी, परंतु चित्राचे अंतिम रूप पुरवू नये.

शिस्त आणि मोकळीक : दोन परंपरा

शिस्तीच्या परंपरेचा आरंभ स्वित्झर्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोझी यांच्यापासून धरता येतो. १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत मुलाने सरळ रेषा, कोन, चौकोन आणि वक्ररेषा यांची जणू मुळाक्षरेच गिरवावीत आणि मग वस्तूंकडे वळावे, असा क्रम होता. जर्मनीत १८३७ साली बालोद्यानाचा पाया घालणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी हीच भूमिती मुलाच्या हाती खेळणे म्हणून दिली. लाकडी ठोकळे, फळ्या, काड्या यांपासून मुलाने तीन प्रकारच्या रचना कराव्यात असे त्यांनी मांडले : घर, पूल, खुर्ची यांसारखी ‘जीवनरूपे’, मध्याभोवती सममितीने मांडलेली ‘सौंदर्यरूपे’ आणि भाग, संख्या व प्रमाण उलगडून दाखवणारी ‘ज्ञानरूपे’. आकृती आणि नक्षी ही एकाच साहित्यातून निघणारी दोन रूपे आहेत हे फ्रोबेल यांना अचूक उमगले होते, आणि ही त्यांची बालकलाशिक्षणाला मोठी देणगी आहे.

एकोणिसाव्या शतकातील शाळांनी मात्र या विचारातील खेळ गाळून केवळ शिस्त उचलली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे आखला गेलेला रेखनाचा अभ्यासक्रम कारखान्यांसाठी कुशल हात घडवण्याच्या हेतूने रचला होता. त्यात तयार नमुन्यावरून बाह्यरेषा उतरवणे हेच प्रारंभीचे मुख्य काम असे. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेवर आणि पुढे प्रांतातील शालेय चित्रकलेवर या धोरणाची छाया पडली. आज महाराष्ट्रातील विद्यार्थी ज्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, त्यांतील स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही विभागणी त्या परंपरेशी नाते सांगते. मोठ्या विद्यार्थ्याला या परीक्षांचा लाभ होतो यात शंका नाही. अडचण येते ती त्यांचे निकष खाली झिरपत बालवाडीपर्यंत पोचतात तेव्हा.

मोकळिकीच्या परंपरेला इटलीतील कोर्राडो रिच्ची यांच्या १८८७ सालच्या बालचित्रांवरील पुस्तकाने वाट मोकळी करून दिली. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि मुलाची कला ही मोठ्यांच्या कलेची अपुरी आवृत्ती नसून तिचे स्वतःचे नियम आहेत, असा आग्रह धरला. पुढे हर्बर्ट रीड यांनी १९४३ साली आणि व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी हा विचार जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात रुजवला. तथापि, चिझेक यांच्या वर्गातील उपलब्ध चित्रे पाहिली की त्यांच्यात एक सारखेपणा ठळकपणे जाणवतो : ठसठशीत बाह्यरेषा, गडद-फिक्याचा जोरदार विरोध आणि पार्श्वभूमी भरून टाकणारी नक्षी. कागदकाम आणि लिनोलियमवरील ठसेकाम ही माध्यमे, तसेच शिक्षकाची पसंती, यांनी मुलांच्या निवडीला दिशा दिली होती. संपूर्ण मोकळा वर्ग प्रत्यक्षात कोठेच नसतो. जे साहित्य टेबलावर ठेवले जाते तेच काही अंशी शिकवत असते.

आकृती : मूल काय काढते आणि का

मुलांच्या आकृतिचित्रणाचा क्रम पुष्कळ अभ्यासकांनी नोंदवला आहे. लोवेनफेल्ड यांच्या मांडणीप्रमाणे साधारण दोन ते चार वर्षे हा गिरगोट्यांचा काळ, चार ते सात हा आकृतीचा पहिला शोध घेण्याचा काळ आणि सात ते नऊ हा ठरलेल्या साच्याचा काळ असतो, ज्यात माणूस, झाड, घर यांसाठी मुलाची स्वतःची पक्की चिन्हे तयार होतात आणि कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते. चौथ्या वर्षाच्या आगेमागे दिसणारी माणसाची आकृती सर्वत्र परिचित आहे : एक मोठे वर्तुळ, त्यात डोळे आणि तोंड, आणि त्यालाच थेट जोडलेले पाय. या बेडूकमाशासारख्या आकृतीत धड नसते, म्हणून मुलाला धड माहीत नाही असा अर्थ पूर्वी लावला जाई. क्लेअर गोलोंब यांच्या प्रयोगांनी तो समज दूर केला. अवयवांची नावे एकेक उच्चारून ते काढायला सांगितले, किंवा कागदाऐवजी माती दिली, तर त्याच मुलांच्या हातून अधिक पूर्ण माणूस घडतो. नॉर्मन फ्रीमन यांनी डोके आणि धड आधीच काढून ठेवलेल्या आकृत्या मुलांना दिल्या, तेव्हा मुलांनी हात अनेकदा त्या दोहोंपैकी आकाराने मोठ्या असलेल्या भागाला जोडले. म्हणजे मुलासमोरची अडचण बरीचशी मांडणीची असते : काय आधी काढावे, काय कशाला जोडावे आणि कागद कोठे संपतो.

फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ साली ‘बौद्धिक वास्तव’ ही संज्ञा रूढ केली. मूल दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते, असा तिचा अर्थ; त्यामुळे घराची भिंत आरपार होऊन आतली चूल दिसते आणि पोटातले बाळही दिसते. अशा आरपार चित्राला चूक ठरवून दुरुस्त करणारा शिक्षक मुलाने सांगितलेली अर्धी गोष्ट खोडून टाकतो. ऱ्होडा केलॉग यांनी अमेरिकेत मुलांची असंख्य रेखाटने जमवून १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात गिरगोट्यांचे २० मूलभूत प्रकार वेगळे केले, आणि वर्तुळ, फुली, मंडल, किरणांचा सूर्य या मार्गाने माणसाची आकृती कशी आकाराला येते हे दाखवले. हा क्रम प्रत्येक मुलात जसाच्या तसा आढळत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तरीही आकृतीची मुळे नक्षीसदृश रेषांच्या खेळात असतात हे केलॉग यांचे निरीक्षण शिक्षकाला फार उपयोगी आहे.

आकृती शिकवण्याचा अर्थ मग असा होतो की वर्तुळ-त्रिकोणातून मांजर कसे काढायचे याची पायरीपायरीची कृती फळ्यावर न देता, मुलाची आकृतीविषयीची जाण वाढवावी. ‘पाणी भरताना हात कोठे असतो’, ‘पळताना गुडघा कसा वाकतो’ असे विचारून ती हालचाल मुलाला स्वतःच्या शरीराने करून पाहू देणे, मातीत तीच आकृती घडवू देणे आणि मग कागदाकडे येणे, हा मार्ग गोलोंब यांच्या निष्कर्षांशी जुळतो. फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली मांडलेल्या ‘माणूस काढा’ या चाचणीत अवयवांची मोजदाद करून बौद्धिक वाढीचा अंदाज घेतला जाई. ती चित्रकलेचे गुण देण्यासाठी वापरली की मुले बोटे मोजून काढू लागतात आणि माणूस मात्र हरवतो.

या संदर्भात वारली चित्रपरंपरेकडे पाहणे उद्बोधक ठरते. टोकाशी टोक जुळवलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल डोके आणि बारीक रेषांचे हातपाय, एवढ्या मोजक्या घटकांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लावणी, शिकार, लग्न आणि तारपा नाच उभा राहतो. त्रिकोण किती झुकला यावर माणूस वाकला आहे, नाचतो आहे की ओझे वाहतो आहे हे ठरते. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली त्याआधीपासून ही शैली शाळाशाळांत पोचली होती. मात्र दोन त्रिकोण जोडण्याची कृती एवढीच वारली म्हणून शिकवली गेली, तर लग्नचौक आणि त्यातील पालघट देवी, तो चौक काढणाऱ्या सुवासिनी आणि त्यामागचे जगणे यांच्यापासून ती तुटते. मुलांनी तिच्याकडून घ्यायचे आहे ते अल्प घटकांतून हालचाल दाखवण्याचे धाडस, आणि तेही ती कोणाची कला आहे हे जाणून.

रंगविरोध : नजरेचे शिक्षण

रंगांच्या परस्परपरिणामाचा शास्त्रीय पाया फ्रान्समध्ये घातला गेला. गोब्लें येथील वस्त्रकारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की काळ्या लोकरीचा रंग उठावदार येत नाही. तपासाअंती त्यांना आढळले की दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासतो. १८३९ सालच्या ग्रंथात त्यांनी या परिणामाचे नियम मांडले : शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतात, म्हणून लालभडक कागदावरचा राखाडी तुकडा हिरवट वाटतो. प्राथमिक शिक्षक म्हणून प्रशिक्षण घेतलेले आणि फ्रोबेल यांच्या विचारांशी परिचित असलेले योहानेस इटेन यांनी १९१९ ते १९२३ या काळात बाउहाउस या कलाशाळेत आणि पुढे १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात सात प्रकारचे रंगविरोध वेगळे केले : शुद्ध रंगांचा, गडद-फिक्याचा, उष्ण-शीताचा, पूरक रंगांचा, शेव्रल यांनी सांगितलेला एकसमयी, प्रखर-मंदाचा आणि रंगाने व्यापलेल्या जागेच्या प्रमाणाचा.

या सातांपैकी लहान मुलांसाठी सगळेच सारख्या वेळी उपयोगी नसतात. गडद-फिक्याचा विरोध प्रथम यावा, कारण ठळक सीमारेषा हीच अर्भकालाही सर्वांत आधी नीट दिसते, आणि काळ्या पाटीवरची पांढरी पेन्सिल किंवा गेरूवरचे पांढरे पीठ हा त्याचा सर्वांत सुलभ आविष्कार आहे. शिवाय लाल-हिरव्यातला भेद न जाणवणारी मुले, ज्यांत जनुकीय कारणाने मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा पुष्कळ जास्त असते, त्यांनाही या विरोधात बरोबरीने भाग घेता येतो. त्यानंतर शुद्ध रंगांचा आणि उष्ण-शीताचा विरोध येतो. पूरक आणि एकसमयी विरोध मात्र नियम म्हणून न सांगता प्रयोग म्हणून करून पाहावेत. एकाच पिवळ्या घोटीव कागदाचे दोन सारखे चौकोन कापून एक काळ्यावर आणि दुसरा पांढऱ्यावर चिकटवला की काळ्यावरचा चौकोन उजळतो आणि मोठा भासतो, तर पांढऱ्यावरचा मंदावतो. सहा-सात वर्षांचे मूल हा फरक स्वतः हेरते, आणि एकदा तो हेरला की पुढच्या चित्रात सूर्यामागे गडद आभाळ ठेवायचे का, हा निर्णय त्याचा स्वतःचा होतो.

रंगमिश्रणाच्या शिकवणीत एक गफलत दीर्घकाळ चालत आली आहे. लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग असून त्यांतून सर्व रंग मिळतात, असे बहुतेक वर्गांत सांगितले जाते. परंतु लाल आणि निळा मिसळून मुलाला हवा तसा जांभळा मिळत नाही, मळकट तपकिरीच हाती येतो, आणि दोष आपला असे त्याला वाटते. बाजारातील नेहमीच्या लाल पोस्टर रंगात पिवळ्याची झाक असते हे त्याचे कारण आहे. छपाईत वापरल्या जाणाऱ्या मॅजेंटाच्या जवळचा राणी रंग घेतला की जांभळा स्वच्छ उमटतो. तीन रंगांचे चक्र ही चित्रकारांची कामचलाऊ परंपरा आहे, निसर्गनियम नव्हे, हे शिक्षकाला ठाऊक असले तर तो मुलाला उत्तराऐवजी दोन वेगळे लाल रंग देईल.

रंगांच्या बाबतीत ‘खरा’ रंग लावण्याची सक्ती ही सर्वांत अपायकारक ठरते. पाच वर्षांच्या मुलाचा घोडा निळा असतो तेव्हा तो रंग बहुधा आवडीने, शेजारच्या रंगापासून वेगळा दिसावा म्हणून किंवा हाताशी आलेला खडू म्हणून निवडलेला असतो. या निवडीला रंगविरोधाची पहिली जाण मानावे आणि त्या निवडीबद्दल मुलाशी बोलावे, हे पाने हिरवीच रंगवायला लावण्यापेक्षा अधिक फलदायी आहे.

नक्षी : हाताची लय आणि बुद्धीचा नियम

नक्षीला कलाशिक्षणात दुय्यम, केवळ सजावटीचे स्थान मिळत आले, पण मुलाच्या दृष्टीने ती सर्वांत मोकळी वाट आहे, कारण तेथे काही हुबेहूब येण्याची धास्ती नसते. मेक्सिकोत १९२१ नंतर शिक्षणमंत्री व्हास्कॉन्सेलोस यांच्या काळात चित्रकार आदोल्फो बेस्ट मोगार्द यांनी याच विश्वासावर शालेय चित्रकला उभारली. मेक्सिको खोऱ्यातील प्राचीन मातीच्या भांड्यांवरील नक्षींची रेखाटने त्यांनी केली होती, आणि त्यांतून सर्पिल, वर्तुळ, अर्धवर्तुळ, एस-आकार, लाटरेषा, नागमोडी कोनरेषा आणि सरळ रेषा असे सात मूलघटक त्यांनी निवडले. मुलांना आपल्याच भूमीच्या परंपरेतून चित्रभाषा देण्याचा तो प्रयत्न मोठ्या मोलाचा होता. परंतु काही वर्षांतच सात घटकांचा नियम स्वतःच साचा बनल्याची टीका झाली आणि ती पद्धत मागे पडली. परंपरेतले घटक घ्यावेत, पण त्यांची यादी बंद करू नये, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

महाराष्ट्रात अशा परंपरेसाठी लांब जावे लागत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत ‘सात ते चार’ म्हटले की मधल्या ओळीत सात आणि वर-खाली सहा, पाच, चार असे एकाआड बसवलेले ३७ ठिपके मांडले जातात, आणि त्यांतून सहा बाजूंची रचना सहज निघते. तेच पाच ओळींत पाच ठिपके सरळ मांडले तर २५ ठिपक्यांची चौकट चार बाजूंच्या सममितीकडे नेते. सममिती म्हणजे रचना दुमडली किंवा फिरवली तरी तशीच राहणे. हे ठिपके मुलाला आधार देतात आणि त्यांना जोडण्याच्या अनेक वाटाही उघड्या ठेवतात, म्हणून ठरलेली रांगोळी उतरवून घेण्याऐवजी त्याच ३७ ठिपक्यांतून प्रत्येकाने वेगळी रचना शोधावी, असे काम दिले तर परंपरा आणि शोध एकत्र येतात. गोधडीचे तुकडे आणि धावदोरे, टोपल्यांची वीण, चैत्रांगणातील चिन्हे ही सर्व याच शिक्षणाची जवळची साधने आहेत.

ठसेकाम हे बालवयातील नक्षीचे सर्वांत सोयीचे माध्यम आहे. आडव्या कापलेल्या भेंडीचा फुलासारखा ठसा मूल आधी कागदभर वाटेल तेथे उमटवते; मग ते ओळीत आणते, एकाआड एक दोन रंग घेते, ठसा उलटा फिरवते. या प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाने विचारावे ते इतकेच, की यात पुन्हा काय येते आणि किती घरांनंतर येते. पुनरावृत्तीचे एकक, म्हणजे जो तुकडा जसाच्या तसा परत येतो तो, ओळखता येणे ही गणिती विचाराची सुरुवात आहे, आणि येथे ती हाताने, रंगाने व डोळ्याने घडते. गडद कागदावर फिका ठसा घेतला की रंगविरोध त्यात आपोआप मिसळतो, आणि माणसाच्या अंगरख्यावर तीच नक्षी आली की आकृतीही त्यात सामील होते.

वर्गातील वास्तव आणि पुढची दिशा

महाराष्ट्रात या विचाराला प्रत्यक्ष आधार देणारे काम झालेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने, वारली वस्तीच्या परिसरात, बालवाडी आणि अंगणवाडीचे प्रयोग केले. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने यांचा वापर त्यांनी केला, आणि रंग, आकार व रचना यांचे शिक्षण गरिबातल्या गरीब मुलाला देता येते हे सिद्ध केले. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील नई तालीमच्या शाळेत मुलांसोबत केलेल्या कामातून, कला हा इतर विषयांना लावायचा झालर-काठ नसून शिक्षणाचा पाया आहे, अशी भूमिका मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेच्या साहाय्याने इतर विषय शिकवण्यावर भर आहे. त्याचा धोका एवढाच, की कला फलक सजवण्यापुरती आणि कलेचा स्वतःचा तास मात्र रिकामा, अशी स्थिती होऊ शकते.

बहुसंख्य वर्गांत आजही छापील बाह्यरेषेत रंग भरण्याची पुस्तके हेच चित्रकलेचे मुख्य साधन आहे. रेषेबाहेर रंग न जाऊ देण्याने हाताला थोडा ताबा येतो हे खरे, परंतु आकृतीचा निर्णय छापखान्याने, रंगाचा निर्णय शेजारच्या नमुन्याने आणि मांडणीचा निर्णय पानाच्या आकाराने घेतलेला असल्याने मुलासाठी निर्णयच उरत नाही. लोवेनफेल्ड यांनी याच कारणाने अशा पुस्तकांना कडाडून विरोध केला होता. स्पर्धांचाही परिणाम असाच होतो : ज्या चित्राला बक्षीस मिळाले त्याची डोंगर, दोन झाडे आणि नदी ही रचना पुढच्या वर्षी साऱ्या वर्गात उतरते.

मोठा वर्ग, कमी साहित्य आणि कलाशिक्षकाचा अभाव ही खरी कारणे आहेत आणि त्यांना तात्त्विक उत्तर पुरत नाही. तरीही आढाव्यातील निष्कर्षांवरून किमान चार गोष्टी करता येतात. पूर्वप्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात बालचित्रांच्या वाढीचा क्रम सक्तीने शिकवावा, म्हणजे आरपार घर आणि धडाविना माणूस दुरुस्त केले जाणार नाहीत. प्रत्येक कामात मर्यादा एकच असावी, जसे फक्त दोन रंग, फक्त ठसे किंवा फक्त त्रिकोण, आणि बाकी सर्व मोकळे असावे, कारण बंधन नेमके असेल तेव्हाच मूल त्याच्या आत धीटपणे शोधते. माती, पाटी, गेरू, पिठी, भाजीचे ठसे अशा स्वस्त माध्यमांना रंगपेटीइतकाच मान मिळावा. आणि मूल्यमापन एका चित्राचे न करता वर्षभरात जमवलेल्या चित्रांचे, मुलाच्याच आधीच्या कामाशी तुलना करून व्हावे.

शिकवावे की उमलू द्यावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहता, फ्रोबेल, चिझेक, इटेन, बेस्ट मोगार्द आणि ताराबाई मोडक यांच्या कामांत मतभेद असूनही एक समान धागा दिसतो : मुलाला रिकाम्या कागदासमोर एकटे सोडल्याने कला वाढत नाही आणि तयार चित्र पुढे ठेवल्यानेही वाढत नाही. आकृती, रंगविरोध आणि नक्षी यांना शिक्षकाने मुलापुढचे प्रश्न म्हणून मांडले, तर प्रत्येक मुलाचे उत्तर वेगळे येते, आणि चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस वेगळी चित्रे तयार होणे हाच या शिक्षणाच्या यशाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा मानला पाहिजे.